तीन बोटांचा पंजा

हसणं हा आमच्या घरचा आजार होता. मायला तो तिच्या मायकडून आलेला आणि मला मायकडून. एकदा सुरू झालं की पोटात कळ येईपर्यंत थांबायचं नाव नाही. कुणाच्या मयतीला जायचं असलं की माय मला आधी परसात नेऊन दम द्यायची, "सुबे, तिथं माझ्याकडं बघायचं न्हाई बरं," आणि हे सांगता सांगताच तिच्या नाकपुड्या फुगायला लागायच्या. मग आम्ही दोघी तिथंच परसात हसून घ्यायचो आणि डोळे पुसत मयतीला जायचो. लोकांना वाटायचं, किती जीव लावतात बिचाऱ्या! आबा, म्हणजे माझे वडील, या आजारातून सुटलेले. ते गालातल्या गालात हसायचे, तेही कुणाला विचारून हसल्यासारखे. उजव्या हाताची दोन बोटं तरुणपणीच उसाच्या चरकात गेलेली. अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन तेवढी उरलेली. पण त्या तीन बोटांनी ते मोटेचा नाडा ओढायचे, दोर वळायचे, माझी वेणीसुद्धा घालायचे. वेणी वाकडी व्हायची, पण मी कधी तसं म्हटलं नाही.

जवळा बाजारपासून दोन कोसांवर आमचं गाव. विहिरीवर भिजणारा एक तुकडा आमचा, आणि त्यात हळद. माघ सरत आला की आमचं घर पिवळं व्हायचं. हात पिवळे, भाकरी पिवळी, मायच्या लुगड्याचे काठ पिवळे. आमचं मांजर खरं तर पांढरं, पण चैत्रापर्यंत ते कुठल्या रंगाचं हे नव्या माणसाला सांगता आलं नसतं. हळद खणायला बायका यायच्या, त्यांत पहिली भागाबाई. ती मांगवाड्यात राहायची, नवऱ्याबरोबर दोरखंड वळायची, आणि खणणीला तिच्यासारखा हात गावात दुसरा नव्हता. एक गड्डा मोडायचा नाही तिच्या हातून. मजुरी पैशात नसायची. खणलेल्या, उकडलेल्या हळदीतला वाटा मिळायचा. बोलायला मोठी खट. माय आणि ती अशा दोन वाफ्यांवर बसून टवाळ्या करायच्या की आबा मोट थांबवून विचारायचे, "काहून हसून राहिल्या गं?" आणि त्यावर दोघी आणखी हसायच्या.

या सगळ्या मजेत एक काटा होता, तो म्हणजे काहील. हळद उकडायची लोखंडी काहील गावात एकच, मोठ्या वाड्यातली. आधी वाड्याची हळद उकडायची, मग वाड्याच्या सोयऱ्यांची, मग ज्यांचं वाड्यात बसणं-उठणं त्यांची, आणि सगळ्यांत शेवटी आमची. तोवर खणलेली हळद ढिगात पडून सुकायची, तिचा रंग उतरायचा. वरून भाडं म्हणून दर घाण्याला, म्हणजे काहील एकदा भरून उकडली की, हळदीचीच टोपली मोजून द्यायची. तरी ज्या दिवशी काहील आमच्या खळ्यावर यायची, तो दिवस माझ्यासाठी सणच. खाली कापसाच्या पऱ्हाट्यांचा जाळ, वर हळदीच्या पानांचं आणि ओल्या पोत्याचं झाकण, आत रटरट रटरट. त्या वासानं डोकं जड व्हायचं. मी हळूच आत रताळी सोडायची. ती पिवळीजर्द होऊन निघायची आणि चवीला कडसर लागायची, पण तशी रताळी मी जन्मात पुन्हा खाल्ली नाहीत. मायचं स्वप्न एकच होतं, स्वतःची काहील. ती रोज चुलीपुढं बसून म्हणायची, "औंदा भाव बरा आला तर काहील." आणि भाव कधीच बरा यायचा नाही. दरवर्षी आबा बाजारातून मान खाली घालून यायचे. "तीन," म्हणायचे. भावातला दहाचा आकडा, वीस का तीस, बाजारात सगळ्यांना ठाऊकच असायचा. त्याच्या वरचे रुपये किती, यावर सगळा खेळ, आणि आमचे वरचे रुपये नेहमी तीन. दुष्काळ असो, सुकाळ असो, तीन! भागाबाईचाही वाटा आबाच विकून द्यायचे, म्हणून तिचेही तीन.

त्या वर्षी मायचा भाऊ, डोंगरकड्याचा मामा, बाजार करून परस्पर आमच्याकडं मुक्कामाला आला. आठच दिवसांपूर्वी आबांनी हळदीची पहिली खेप विकलेली. दुसरी, मोठी खेप अजून विकायची होती. माय आणि भागाबाई अंगणात, बाहेरच्या चुलीशेजारी, पोत्याची दोन टोकं धरून हळद घासत होत्या. वाळलेली हळद पोत्यात घालून अशी खळखळ हलवली की तिची साल निघते आणि ती चमकायला लागते. खळळ खळळ, खळळ खळळ, आणि त्या तालावर मामा जवसाची चटणी आणि भाकरी खाता खाता बोलत होता. "मागल्या बाजाराला मी बी आलतो की. रतनशेठनंच घेतली माझी. वर सात देले."

पोतं थांबलं.

"किती?" माय म्हणाली.

"सात. काहून?"

माय आबांकडं बघायला लागली. आबा भाकरीकडं बघायला लागले. त्याच दिवशी, त्याच रतनशेठ व्यापाऱ्याला, मामाच्या हळदीपेक्षा उजळ हळद आबांनी तीनाला दिली होती.

आता इथं बाजाराची रीत सांगितली पाहिजे, नाहीतर माझ्या नातवाला वाटलं तसं तुम्हालाही वाटेल की आजी थापा मारते. तेव्हा भाव तोंडानं बोलत नसत. तोंडानं भाव बोलणं म्हणजे चारचौघांत लुगडं फेडल्यासारखं समजत. विकणाऱ्यानं उजवा हात पुढं करायचा, दलालानं त्यावर फडकं टाकायचं, घेणाऱ्यानं फडक्याखाली हात घालून बोटं धरायची. एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन, अख्खा पंजा दाबला की पाच. पाचाच्या वर जायचं तर पंजा दाबून पुन्हा बोटं. बाहेर सगळे गप्प, आभाळाकडं बघणार, आणि खाली बोटांचा बाजार चाललेला. शेजारच्याला काय भाव मिळाला हे शेजारच्याला कळायचं नाही. आणि ज्याचा हात धरता येत नाही त्याला भावच नाही. बाईचा हात परका पुरुष कसा धरणार? भागाबाईचा हात तर शेठच काय, शेठचा हमालही धरणार नव्हता. म्हणून तर तिची हळद आबांच्या हातानं जायची.

आणि आबांच्या हाताला बोटं तीन!

"शेठ अख्खा पंजा दाबतो गं," आबा शेवटी म्हणाले. आवाज इतका बारीक की चुलीतलं लाकूड त्याहून मोठ्यानं बोलत होतं. "पन ह्या पंज्यात तीनच बोटं. पंजा तीनाचाच धरत्यात. मी एकदा म्हनलं त्याला. त्यो म्हनला, मी तर पुरा पंजा दाबला, तुमच्या पंज्यात बोटं कमी हाईत त्याला मी काय करू?"

मग मायच्या नाकपुड्या फुगल्या. ती हसायला लागली, मी हसायला लागले, भागाबाई तर पोत्यावर आडवी झाली. मामाला चटणीचा ठसका लागला. दहा वर्षं! दहा वर्षं आमचा भाव चरकात अडकलेला होता! माय हसता हसता भिंतीला टेकली आणि मग मी बघितलं की ती रडत होती.

"डावा हात द्यायचा नं!" ती ओरडली. "डाव्याला पाच बोटं हाईत की देवानं दिलेली!"

"डाव्या हातानं सवदा?" आबा घाबरून म्हणाले. "अवलक्षण हाय ते. शेठ उठून जाईल."

"मग आमाला का न्हाई सांगितलं?"

आबांनी तीन बोटं धोतरात लपवली. "लाज वाटली," एवढंच म्हणाले. मायचा राग तिथंच विरला. माझा मात्र विरला नाही. अजूनही नाही. त्या शेठला मी नंतर चांगला माणूस म्हणून ओळखलं, माझ्या लग्नात त्यानं खण दिला, तरी ते एक वाक्य मी त्याला माफ केलेलं नाही.

हात माझा द्यायचा, ही कल्पना भागाबाईची. "सुबी अजून परकरात हाय. लेकराचा हात धरायला कुनाला काय लाज? उजवा हाय, पाच बोटं हाईत, पिवळाजर्द हाय. आजून काय पायजे?" मी अकरा वर्षांची. मला तर आभाळ ठेंगणं झालं. अडचण एकच होती. मला गुदगुल्या व्हायच्या. नुसतं बोट दाखवलं तरी व्हायच्या. मग आठ दिवस आमच्या घरी तालीम चालली. माय पदराखाली माझा हात धरून बोटं दाबायची, मी जमिनीवर लोळायची, मग मायही लोळायची आणि भाकरी करपायची. आबा रतनशेठ होऊन समोर बसायचे, तोंड इतकं गंभीर करायचे की त्यांना बघूनच मला हसू फुटायचं. शेवटी भागाबाईनं उपाय काढला, "तोंडात वाळली मिरची धर. दातात न्हाई, गालात. हसू आलं की मिरचीची आठवन ठिव." माय रोज एकच बजावायची, "सुबे, पंजा आन् त्याच्यावर दोन बोटं, त्याच्या खाली हात सोडायचा न्हाई. सात मिळाले तर काहील. न्हाईतर पुन्हा वाड्याच्या दारात."

बाजाराच्या दिवशी आम्ही गाडीत पोती भरली. माय पहिल्यांदा हळदीच्या बाजारात येत होती, भागाबाई गाडीमागून चालत. तिच्या वाट्याचं लहान पोतं आमच्या पोत्यांवर ठेवलेलं. जवळ्याचा बाजार म्हणजे मला स्वर्ग. गुळाच्या भेल्यांवर माशा, शेवचिवड्याचा वास, बैलांच्या गळ्यातल्या घंटा, बांगडीवाल्याची हाक. करीमचाचा आमचे दलाल. मेंदी लावलेली दाढी, खांद्यावर फडकं. ते फडकं इतक्या वर्षांच्या भावांनी मळलेलं होतं की त्याचा मूळ रंग त्यांनाही आठवत नसेल. आबांनी चाचरत सगळं सांगितलं. चाचांनी माझ्याकडं बघितलं, माझा हात उलटसुलट केला आणि म्हणाले, "बराबर है. रीत में ये कहाँ लिखा कि हात बाप का ही होना?" मला म्हणाले, "डरना नको बेटा."

रतनशेठ आले. पांढरंशुभ्र धोतर, पानानं रंगलेले ओठ. एकदा आबांकडं, एकदा माझ्याकडं बघून त्यांनी भुवई वर केली. फडकं पडलं. मी मिरची गालात धरली आणि आभाळाकडं बघितलं, मोठ्या माणसांसारखं. शेठचा हात आत आला. थंडगार अंगठी, गुबगुबीत बोटं, आणि करंगळीचं नख वाढवलेलं. त्यांनी माझी तीन बोटं धरली. सवयीनं! मी मान हलवली. चार धरली. मी मान हलवली. आतून हसू उकळायला लागलं होतं, काहिलीसारखं, रटरट. मग शेठनी पंजा दाबला, आणि दाबता दाबता ते करंगळीचं नख माझ्या तळहातावरून असं गेलं की—

मिरची दाताखाली आली. तोंड उघडलं. आणि अख्ख्या बाजारात ऐकू जाईल अशी मी खिदळत किंचाळले, "अगं माय गं! पाच! पाच दाबले गं!"

खरंच सांगते, बैलसुद्धा रवंथ करायचे थांबले असं मला वाटलं. भाव तोंडानं बोलला गेला होता, तोही एका परकरी पोरीनं. माझ्या डोळ्यांतून मिरचीचं पाणी वाहत होतं आणि हसू थांबत नव्हतं. आबांचा चेहरा पांढरा पडलेला. मला वाटलं, संपलं. काहील गेली. आता शेठ उठून जाणार आणि आमच्या हळदीला कुणी हात लावणार नाही.

शेठ उठलेच. "ही काय रीत झाली?" ते म्हणाले. "बाजार नासवून राहिले तुमी!"

तेवढ्यात मागून आवाज आला. वसमतकडचा एक तरुण व्यापारी, पहिल्यांदाच आलेला, त्याला अजून कुणी भाव द्यायला जागाच दिली नव्हती. तो पोत्यात हात घालून हळदीचा वास घेऊन बघत होता. म्हणाला, "पाच झाले ना? मग मी सहा म्हणतो." तोंडानं! मोठ्यानं!

शेठ वळले. त्यांच्या तोंडातलं पान थांबलं. "सात," ते म्हणाले, आणि म्हटल्यावर स्वतःच दचकले. माय मटकन खाली बसली.

"आठ."

करीमचाचांनी हातातल्या फडक्याकडं बघितलं. त्याखाली झाकायला काही उरलंच नव्हतं. त्यांनी ते फडकं घेऊन कपाळाचा घाम पुसला आणि हसत ओरडले, "बोलो, बोलो! मुँह है तो बोलो!" आजूबाजूचे लोक पोती सोडून आमच्याभोवती जमले. कुणी आबांच्या पाठीवर थापा मारत होतं, कुणी मलाच विचारत होतं, "पोरी, आमच्याकडं येती का हसाया?" वसमतवाल्यानं नऊ म्हटलं आणि शेठ खाली बसले.

नऊ! माय माझ्या गळ्यात पडली आणि आमचा आजार तिथं भर बाजारात उसळला. पण माय हसता हसता अचानक थांबली. पोत्यांच्या ढिगावरून तिनं ते लहान पोतं ओढून खाली काढलं आणि वसमतवाल्यापुढं ठेवलं. "हिचं बी बोला."

भागाबाई लांब लिंबाखाली उभी होती, तिला उभं राहायची मुभा होती तिथं. सगळ्यांनी तिकडं बघितलं. कुणाच्या तरी तोंडून 'अं' असं निघालं. मी आबांकडं बघितलं, तर आबा पुढं झाले. आमचे आबा, जे कुणापुढं हूं की चूं करायचे नाहीत! "हळद एकाच वाफ्यातली हाय," ते म्हणाले. "आन् हात धरायचं आता कामच न्हाई राहिलं."

वसमतवाल्यानं पोतं उघडलं, एक कांडी मोडून बघितली. आतून लालसर पिवळी, लखलखीत. "नऊ," तो म्हणाला.

"काय म्हनले?" लिंबाखालून भागाबाई ओरडली.

"नऊ!"

"ऐकू न्हाई आलं! पुन्हा म्हना!"

तिचे कान सशासारखे तिखट होते, मला ठाऊक होतं. तो तिसऱ्यांदा "नऊ" म्हणाला तेव्हा तिनं तोंडावर पदर घेतला. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या मालाचा भाव कुणीतरी तिच्याकडं बघून बोललं होतं.

परवा माझा नातू कॉलेजातून एक प्रश्न घेऊन आला. त्याला निबंध लिहायचा होता, बाजार सगळ्यांसाठी न्याय्य करता येतो का, असा काहीतरी. मी म्हटलं, येतो की, मी केलाय, एक मिरची आणि गुदगुल्या घेऊन. तो हसला आणि मोबाईलवर हिंगोलीचे आजचे भाव बघायला लागला. त्याला मी पुढचंही सांगितलं. दुसऱ्या बाजाराला चाचांचं फडकं पुन्हा खांद्यावरून खाली आलं. आलंच. रीत एवढ्यात मरत नाही. पण लिंबाच्या बाजूला बायकांची एक ओळ बसायला लागली आणि तिथं भाव तोंडानं बोलायची पद्धत पडली. आधी चारजणी, मग दहा. मग फडक्याखाली कमी भाव मिळालेले पुरुषही गुपचूप त्या ओळीत पोती आणून ठेवायला लागले. त्या ओळीला सगळे 'हसरी ओळ' म्हणायचे. निबंधात हे लिही म्हटलं, तर म्हणाला, आजी, याला पुरावा काय? मी त्याला शेठचं नख फिरलेला तळहात दाखवला.

काहील आम्ही त्याच दिवशी घेतली. काळीभोर, एवढी मोठी की गाडीत दुसरं काही मावेना. मग मी आणि माय त्या काहिलीतच बसलो, आणि माय ओरडली, "भागे, तू बी ये!" भागाबाई नको नको म्हणाली, मग इकडंतिकडं बघून चढलीच. गाडी खडखडत निघाली, काहील घंटेसारखी वाजायला लागली, आम्ही तिघी तिच्यावर थापा मारून गाणी म्हणत होतो, शेव खात होतो, हसत होतो. आबा गाडीच्या पुढ्यात बसून बैलांना सांगत होते, "चला रे, आज राण्या घेऊन चाललो, तीन-तीन." इतका आनंद मला पुढं लग्नातही झाला नाही, आणि लग्न चांगलं झालं होतं माझं.

ओढा ओलांडला आणि गावाची वेस दिसायला लागली. तशी भागाबाई काहिलीच्या काठावरून उतरली आणि रस्त्याच्या कडेनं चालायला लागली. कुणी सांगितलं नव्हतं. माय म्हणाली, "बस की गं," पण हळू आवाजात म्हणाली, आणि पुन्हा म्हणाली नाही. मी मायकडं बघितलं. तिनं तोंड फिरवलं. त्या दिवशीचं आमचं हसू तिथं पहिल्यांदा थांबलं.

मांगवाड्याच्या वळणावर भागाबाई थांबली. रिकामं पोतं खांद्यावर टाकून तिनं हात वर केला आणि पाचही बोटं पसरून मला दाखवली. मीही माझी पाच दाखवली. आबांनी कासरा धरून उजवा हात वर केला, तीन बोटांचा.

"ह्यो न्हाई!" ती तिकडून ओरडली. "आबा, आता डावा दाखवा की!"

आबा थांबले. मग त्यांनी कासरा उजव्या हातात घेतला आणि डावा हात वर केला, उघडा, पाच बोटांचा, आणि गाडी वेशीतून आत जाईपर्यंत खाली घेतला नाही.